हुतात्मे की धनको?

नागपूरच्या रेल्वेस्थानकापासून जवळच असलेल्या जुन्या सरकारी इस्पितळास सारे शहर ‘मेयो’ म्हणून ओळखते. कागदोपत्री त्याचे नाव केव्हाच बदलले असून ते आता इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय झाले आहे. तथापि ऑटोवाल्यास हे लांबलचक नाव सांगितले असता ‘म्हणजे मेयोच ना?’ अशी खात्री करून घेतल्यावाचून तो गाडी हाकीत नाही. यात एक योगायोग असा आहे की, ही दोन्ही नावे अधिकारावर असता घातपाताने मेलेल्या व्यक्तींची आहेत. लॉर्ड मेयो हा हिंदुस्थानचा व्हाइसरॉय १८७२ साली अंदमानात एका कैद्याच्या सुरीने मेला. इंदिरा गांधी १९८४ साली स्वतःच्याच अंगरक्षकांच्या गोळ्यांनी गेल्या. राज्यकर्ता कामावर असता मेला म्हणजे त्याचे नाव कोठे ना कोठे लागतेच, आणि ते लागू नये असेही आमचे म्हणणे नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. २०२० व २०२१ या दोन वर्षांत अशाच इस्पितळांतून, पोलीस ठाण्यांतून, महानगरपालिकेच्या कचेऱ्यांतून आणि दहनघाटांवरून जी साधी माणसे कामावर उभी होती व त्या कामापायी मेली, त्यांचा मान आपण कोणत्या नात्याने करावयाचा?

नात्याने असे आम्ही मुद्दाम म्हणतो. मान करावा की न करावा याविषयी वाद नाहीच. मान पुष्कळ झाला. २२ मार्च २०२० रोजी सायंकाळी ५ वाजता देशाने थाळ्या वाजविल्या. ३ मे रोजी लष्कराच्या हेलिकॉप्टरांनी रुग्णालयांवर पुष्पवृष्टी केली. ‘कोरोनायोद्धा’ हा सामासिक शब्द वर्तमानपत्रांनी इतक्या वेळा छापला की तो थोड्याच दिवसांत झिजून गुळगुळीत झाला. आणि याच सुमारास देशात काही ठिकाणी डॉक्टर मंडळी संरक्षक पोशाख नाही म्हणून पावसाळी रेनकोट अंगावर चढवून रोग्यांजवळ जात होती. योद्धा म्हणून ज्याच्यावर फुले टाकावयाची त्यास ढाल मात्र द्यावयाची नाही, हा प्रकार कोणत्या युद्धशास्त्रात बसतो ते आम्हांस ठाऊक नाही.

नागपुरात पहिला रोगी सापडला तो ११ मार्च २०२० रोजी. पुढे सतरंजीपुरा व मोमिनपुरा या दाट वस्त्या बंद केल्या गेल्या, आमदार निवासात विलगीकरणाची व्यवस्था झाली, आणि घरोघर जाऊन ताप-खोकल्याची चौकशी करणाऱ्यांची रांग सुरू झाली. त्या रांगेत आशा होत्या, अंगणवाडीच्या बाया होत्या, शाळामास्तर होते. रस्त्याच्या नाक्यावर पोलीस होता. सर्वांच्या मागे, आणि म्हणूनच सर्वांच्या दृष्टीआड, कोरोनाने मेलेल्यांचे देह घाटावर नेऊन त्यांस अग्नी देणारे महानगरपालिकेचे कामगार होते. कारण तेव्हा पोटचा मुलगाही जवळ येण्यास धजत नव्हता, अथवा धजला तरी त्यास येऊ दिले जात नव्हते. २०२१ च्या एप्रिलात तर इस्पितळात खाट मिळेना आणि घाटावर जागा मिळेना अशी या शहराची दशा झाली. या काळात महाराष्ट्राच्या पोलीस दलातील शेकडो माणसे गेली. नागपूरच्या पोलिसांनी व महानगरपालिकेनेही आपापली माणसे गमावली.

या मृतांस आपण ‘हुतात्मे’ म्हणू लागलो. हा शब्द नीट पाहण्यासारखा आहे. ‘शहीद’ या शब्दाच्या जागी तो सावरकरांनी मराठीत रूढ केला, आणि ज्या प्रसंगांसाठी तो रूढ झाला त्यांस तो शोभतो. हुत म्हणजे अग्नीत अर्पण केलेले. परंतु व्याकरणाच्या दृष्टीने ‘हुत’ हे कर्मणि रूप आहे. अर्पिले गेले एवढेच ते सांगते, अर्पण करणारा कोण हे सांगत नाही. क्रांतिकारकाच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवत नाही, कारण तेथे आहुती देणारा व आहुती होणारा एकच असतो. साथीत मेलेल्या सरकारी नोकराच्या बाबतीत मात्र हा प्रश्न उद्भवतो, आणि तो टाळावयाचा नसेल तर विचारलाच पाहिजे.

तुलनेसाठी सावित्रीबाई फुले यांचे मरण घ्यावे. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या एका रोगग्रस्त मुलास पाठीवर घेऊन त्या आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंताच्या, दवाखान्यात आल्या. त्यांस प्लेग झाला आणि १० मार्च रोजी त्या वारल्या. त्यांस कोणी हुकूम केला नव्हता. घरी बसल्या असत्या तर कोणी जाब विचारला नसता, कोणाचा पगार कापला गेला नसता. येथे हुतात्मा हा शब्द अक्षरशः खरा आहे. आता त्याच वर्षातली दुसरी गोष्ट. सावित्रीबाई गेल्या त्याच्या आदल्याच महिन्यात, फेब्रुवारी १८९७ मध्ये, इंग्रज सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. आणि बरोबर १२३ वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, महाराष्ट्र सरकारने हाच कायदा पुन्हा हाती घेतला. नाक्यावरचा पोलीस, सर्वेक्षणावरचा मास्तर आणि घाटावरचा कामगार हे या कायद्याच्या राज्यातले लोक होत. त्यांच्यापैकी कित्येकांच्या अंगी सावित्रीबाईंचे धैर्य असेल, किंबहुना होतेच. पण ते कामावर गेले ते हुकमाने गेले. त्यांच्या धैर्याकडे बोट दाखवून हुकमाकडे डोळेझाक करणे हे आम्हांस न्यायाचे वाटत नाही.

हुकूम तरी कोणता? २४ मार्च २०२० च्या रात्री सर्व देशास सांगण्यात आले की घरी राहा. वरवर पाहता ही आज्ञा सर्वांस सारखी होती. परंतु तिच्या पोटात ‘अत्यावश्यक सेवा वगळून’ असे एक लहानसे वाक्य होते, आणि त्या वाक्याचा अर्थ, इतरांनी घरी राहावे म्हणून तुम्ही बाहेर जा, असाच होता. अत्यावश्यक म्हणजे ज्यावाचून आमचे चालणार नाही ते. ज्यावाचून आमचे चालणार नाही ते काम कोणी तरी करावयाचेच होते. ते आम्ही केले नाही, त्यांनी केले. आमच्या वाट्याचा धोका काढून त्यांच्या वाट्याला घातला गेला, आणि तो आमच्याच सुखासाठी व आमच्याच सरकारच्या सहीने घातला गेला. ज्याच्यापासून काही घेतले आणि परत दिले नाही, त्यास व्यवहारात धनको म्हणतात व घेणाऱ्यास ऋणको म्हणतात. हे मृत आपले धनको आहेत असे आमचे म्हणणे आहे, आणि हुतात्मा हा शब्द त्यांस लावण्याची आपली घाई कर्जाचे दानात रूपांतर करण्याची घाई असावी असा आम्हांस संशय येतो. दान दिले म्हणजे दात्याची स्तुती करून मोकळे होता येते. कर्जाचे तसे नसते.

यावर एक उत्तर ठरलेले असते, आणि ते चांगल्या सुशिक्षितांच्या तोंडूनही ऐकू येते: त्यांस पगार मिळत होता ना? पगार मिळत होता खरा. परंतु पगार कशाबद्दल याचा विचार करावा. सैन्यात भरती होणाऱ्यास जिवाचा धोका भरतीच्या दिवशीच सांगितलेला असतो, आणि त्या कराराप्रमाणे पुढची सारी व्यवस्था ठरलेली असते. शाळेत भूगोल शिकविण्यासाठी नेमलेल्या मास्तरास असा धोका कोणी सांगितला होता? मालमत्ता-कराची पावती फाडणाऱ्या कारकुनास आपणास एके दिवशी विलगीकरण केंद्रावर उभे करतील हे नेमणूकपत्रात कोठे लिहिले होते? त्यांनी नोकरी विकली होती, जीव नव्हे.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे मात्र असत्य होईल. केंद्र सरकारने मार्च २०२० मध्ये आरोग्यसेवकांसाठी ५० लाख रुपयांच्या विम्याची योजना जाहीर केली. महाराष्ट्र सरकारने २९ मे २०२० च्या शासन निर्णयाने साथीच्या कामावर असता मेलेल्या इतर खात्यांतील नोकरांच्या कुटुंबांसही तेवढीच रक्कम देण्याचे ठरविले, आणि त्यात कंत्राटी व रोजंदारीच्या माणसांचाही समावेश केला. याचे श्रेय दिलेच पाहिजे. परंतु या रकमेस त्या कागदात जे नाव आहे ते पाहावे: ‘सानुग्रह साहाय्य’. अनुग्रह गुरूने शिष्यावर करावा, देवाने भक्तावर करावा. मृताच्या मुलास त्याच खात्यात नोकरी द्यावयाची तर ती ‘अनुकंपा’ तत्त्वावर. आणि आशा सेविकेस जे दरमहा मिळते त्यास वेतन न म्हणता ‘मोबदला’ किंवा ‘मानधन’ म्हणावयाचे, म्हणजे ती नोकर नाही हे सिद्ध होते व धन थोडे असले तरी मान पुष्कळ दिल्यासारखे होते! अनुग्रह, अनुकंपा, मान: हे तिन्ही शब्द देणाऱ्यास उंच बसवितात व घेणाऱ्याचा हात पसरलेला ठेवतात. ‘देणे’ हा साधा, स्वच्छ मराठी शब्द सरकारी कोशातून कसा गळला कोण जाणे. मराठेशाहीत लढाईत पडलेल्या शिपायाच्या मुलांच्या पोषणासाठी जी नेमणूक होई तीस ‘बालपरवेशी’ म्हणत. मूल मोठे होईपर्यंत त्याचे पोषण हे दौलतीचे काम, एवढाच त्याचा अर्थ. मराठेशाहीत सर्व आलबेल होते असे आम्ही म्हणत नाही, आणि ती नेमणूक प्रत्येकास मिळालीच असेल असेही नाही. पण शब्द तरी खरा होता. त्यात कृपेचा वास नव्हता.

शब्दांनंतर व्याख्या येते, आणि कर्ज नाकारण्याची खरी कला व्याख्येतच असते. कामावरील मृत्यू म्हणजे कोणता? महाराष्ट्राच्या निर्णयात अट अशी की, नोकर इस्पितळात दाखल होण्यापूर्वीच्या अथवा मरणापूर्वीच्या १४ दिवसांत कामावर हजर असला पाहिजे. हिशेबासाठी काही तरी मर्यादा हवीच, हे आम्हांस कळते. पण उत्तर प्रदेशात काय झाले पाहा. तेथे २०२१ च्या एप्रिलात साथ ऐन भरात असता पंचायतीच्या निवडणुका झाल्या. शिक्षकांच्या संघटनेने सांगितले की या कामापायी १,६२१ शिक्षक व शिक्षणखात्यातील नोकर मेले. सरकारी खात्याने प्रथम सांगितले की ३ मेले. दोन्ही आकडे एकाच गोष्टीविषयी आहेत! खात्याची व्याख्या अशी की, निवडणुकीच्या कामास घरून निघाल्यापासून घरी परत येईपर्यंत मेला तरच तो कामावर मेला. म्हणजे रोगाने माणसाच्या अंगात शिरल्यावर सरकारच्या सोयीसाठी त्याच दिवशी काम उरकावे, अशी रोगाकडून अपेक्षा होती. पुढे ओरड झाल्यावर ती मुदत ३० दिवसांची केली गेली आणि दोन हजारांहून अधिक कुटुंबे मदतीस पात्र ठरली. मेलेली माणसे तीच. फक्त व्याख्या बदलली.

दुसरे उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. नवी मुंबईतील एका खासगी डॉक्टरांस महानगरपालिकेने दवाखाना उघडा ठेवण्याची नोटीस दिली. न ठेवल्यास गुन्हा दाखल होईल असेही बजावले. दवाखाना उघडा राहिला, आणि २०२० च्या जूनमध्ये डॉक्टर कोरोनाने गेले. त्यांच्या पत्नीने विम्याची रक्कम मागितली तेव्हा उत्तर मिळाले की, दवाखाना उघडा ठेवा असे सांगितले होते, कोरोनाचे रोगी तपासा असे नव्हते. मुंबई उच्च न्यायालयानेही २०२१ साली हेच मान्य केले. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये उलट निर्णय देऊन सांगितले की, त्या काळच्या हुकमांनी डॉक्टरांच्या सेवा मागविल्याच होत्या; मात्र मृत्यू त्या कामामुळेच झाला हे प्रत्येक प्रकरणी दाखवावे लागेल. थाळी वाजविण्यास पाच मिनिटे लागली होती. एवढे एक वाक्य मिळविण्यास साडेपाच वर्षे लागली.

आणि व्याख्येच्याही आधी मोजणी येते. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने संसदेत सांगितले की, साथीत मेलेल्या आरोग्यसेवकांची आकडेवारी केंद्राजवळ नाही, कारण आरोग्य हा राज्यांचा विषय आहे. तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशनने रागावून स्वतः ३८२ मृत डॉक्टरांची यादी प्रसिद्ध केली. तीत सर्वांत लहान २७ वर्षांचा होता व सर्वांत वृद्ध ८५ वर्षांचा. डॉक्टरांची संघटना मोठी व बोलकी, म्हणून त्यांची यादी तरी झाली. वॉर्डातील आयांची, रुग्णवाहिकेच्या चालकांची, सफाई कामगारांची यादी कोणी करावयाची?

या प्रांतास हा प्रकार नवा नाही. १९१८ च्या इन्फ्ल्यूएंझाने ज्या भागांस अतोनात झोडपले त्यांत त्या वेळचा मध्यप्रांत-वऱ्हाड होता, आणि नागपूर ही त्याची राजधानी होती. साऱ्या देशात त्या साथीने १ कोटी २० लाखांहून अधिक माणसे नेली असा १९२१ च्या शिरगणतीचा अंदाज आहे, आणि पुढील अभ्यासकांनी तो आणखी वाढविला. अंदाजच म्हणावयाचे, कारण त्याच शिरगणतीच्या अहवालात नमूद आहे की नोंद करणारा वर्गच साथीत सापडल्यामुळे पुष्कळ ठिकाणी नोंदणी बंद पडली. नोंद करणारा वर्ग म्हणजे कोण? मध्यप्रांतात गावातील जन्ममृत्यूची खबर पोलीस ठाण्यावर नेऊन देण्याचे काम गावच्या कोतवालाचे असे. हा सरकारच्या उतरंडीतला अगदी शेवटचा माणूस, बहुधा महार किंवा गोंड जातीचा. त्याने घरोघरची प्रेते मोजावी आणि पायी चालत ठाण्यावर जाऊन आकडा सांगावा. तो स्वतः मेला तेव्हा त्याची खबर नेण्यास कोणी उरला नाही. ती कोरी पाने अहवालात ‘नोंद अपुरी’ या दोन शब्दांनी भरली गेली. कामावर मेलेल्या लोकसेवकांचे याहून खरे स्मारक आम्हांस तरी ठाऊक नाही, पण ते कोणी बुद्ध्या उभारलेले नाही.

येथवर वाचून एखादा सहृदय वाचक आम्हांस म्हणेल: तुमचा हा धनको-ऋणकोचा हिशेब रूक्ष आहे. ज्या बाईचा नवरा गेला तिला तो हुतात्मा झाला असे म्हणवून घेण्यात धीर वाटतो. तो शब्दही तुम्ही तिच्यापासून काढून घेणार काय? हा आक्षेप खरा आहे व आम्ही तो हलका समजत नाही. तिने तो शब्द जरूर वापरावा. शब्द कोण वापरतो यावर त्याचा अर्थ अवलंबून असतो, आणि याचे उदाहरण नागपूरकरांच्या डोळ्यांसमोरच आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी विधिमंडळाच्या अधिवेशनावर मोर्चा घेऊन आलेल्या गोवारी समाजाची ११४ माणसे सीताबर्डीजवळच्या चेंगराचेंगरीत मेली. त्यांत बाया व मुले पुष्कळ होती. ती मरावयास आली नव्हती. आपल्या जातीचा दाखला मागावयास आली होती. त्यांस त्यांच्या समाजाने शहीद म्हटले, तेथे गोवारी शहीद स्मारक उभे राहिले, आणि दर वर्षी त्या दिवशी लोक तेथे जमतात. त्या शहीद शब्दात क्षमा नाही. त्यात मागणी आहे. आमचे देणे अजून बाकी आहे असे तो शब्द दर वर्षी सांगतो. मृताच्या आप्ताने उच्चारलेला तो शब्द हे कर्जाचे स्मरणपत्र असते. तोच शब्द सरकारने व्यासपीठावरून उच्चारला की ती फारखती होते, कर्ज फिटल्याचा कागद, आणि त्यावर सही मात्र धनकोची नसते.

मग मान कसा करावा? आपल्या जुन्या लोकांपाशी एक रीत होती, ती वीरगळाची. महाराष्ट्रात गावोगावी देवळांपाशी हे दगड पडलेले असतात. बहुतेकांवर नाव नसते, तिथी नसते, स्तुतीचे अक्षरही नसते. खालच्या चौकटीत तो कसा मेला तेवढे कोरलेले असते: गाई पळविणाऱ्यांशी तो लढत आहे, गाई शेजारी उभ्या आहेत. स्वर्ग वरच्या चौकटीत, नंतर. आधी काम, आणि ते नेमके काम. आमच्या काळच्या वीरगळाच्या खालच्या चौकटीत काय कोरावे लागेल याची कल्पना करावी. बेडपॅन उचलणारी आया. घाटावर लाकडे रचणारा माणूस. कोणाच्या तरी दाराशी तापमापक घेऊन उभी राहिलेली व दार तोंडावर लावून घेतले गेलेली आशा. ही चित्रे शोभिवंत नाहीत, आणि हेलिकॉप्टरमधून ती दिसतही नाहीत.

दगड नको असतील तर वही चालेल. दर वर्षी २१ ऑक्टोबरच्या पोलीस स्मृतिदिनी कामावर मेलेल्या पोलिसांची नावे कवायतीच्या मैदानावर वाचून दाखवितात. ही रीत पोलिसांपुरतीच का असावी? प्रत्येक कचेरीने आपल्या माणसांची एक वही करावी व ती मागेल त्यास पाहू द्यावी. तीत नाव असावे, हुद्दा असावा, आणि त्याखाली त्यास कोणत्या तारखेस, कोणाच्या सहीने, कोणत्या कामावर धाडले, त्या दिवशी त्याच्या हाती मुखपट्टी, हातमोजे, पोशाख यांपैकी काय होते व काय नव्हते, आणि त्याच्या घरच्यांस काय व केव्हा मिळाले, हे लिहावे. हे शेवटचे रकाने लिहिताना कित्येक अधिकाऱ्यांचे हात अडखळतील. अडखळू द्यावेत. दोष देण्यासाठी ही वही नव्हे. २०२० च्या मार्चात पुरेसे पोशाख कोणापाशीच नव्हते, आणि कित्येक अधिकारीही त्याच साथीत गेले. परंतु पोशाख नव्हता हे लिहिले नाही तर तो माणूस रोगाने मेला एवढेच उरते, आणि पुढच्या साथीत पोशाख आधी शिवून ठेवण्याचे कारण कोणास सापडत नाही.

अशी वही करावयास बसल्यावर पहिली अडचण आशांपाशी येईल. महाराष्ट्रात त्या सुमारे ७० हजार आहेत. १५ जून २०२१ रोजी, दुसरी लाट ओसरत असता, त्यांनी मोबदला वाढावा म्हणून राज्यभर संप केला. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने देशातील आशांचा मोठा सन्मान केला. परंतु त्या स्वयंसेविका म्हणून नेमल्या गेल्या आहेत, म्हणून हजेरीपटावर नाहीत, आणि हजेरीपटावर नाहीत म्हणून कोणत्याच कचेरीच्या नाहीत. त्यांच्यातली एखादी कामापायी मेली असेल तर तिचे नाव आरोग्य केंद्राने लिहावे, जिल्हा परिषदेने, की महानगरपालिकेने, हे ठरवावे लागेल. आणि ते ठरवावयास बसणाऱ्यांस, ती स्वयंसेविका होती तर तिला सतरंजीपुऱ्याच्या गल्लीत जा असे कोणी व कोणत्या अधिकाराने सांगितले, हेही प्रथम सांगावे लागेल.